शरीरातल्या पाण्याची साक्ष

मराठीत पाण्याला 'जीवन' असा एक जुना शब्द आहे. शाळेत समानार्थी शब्दांच्या यादीत तो आपण सगळ्यांनी पाठ केलेला असतो. आम्हा रत्नागिरीकरांना पाण्याची महती वेगळी सांगायला नको. चार महिने ते कौलं फुटतील असं कोसळतं आणि एप्रिल-मे महिन्यात विहिरीचा तळ दाखवतं. पण आज ज्या पाण्याविषयी मी बोलणार आहे, ते आभाळातलं नाही आणि विहिरीतलंही नाही. ते तुमच्या-माझ्या अंगातलं आहे. मोठ्या माणसाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचाच असतो. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत माणसानं या पाण्याला बोलतं केलं. त्याच्या बोलण्यावरून कर्करोग वेळेत ओळखता येईल का, याचा शोध घेतला. त्या शोधाची ही हकिगत.

मी काही डॉक्टर नाही. मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. रेडिओनं मला एरवी कवितेसाठीच बोलावलं आहे. या वेळी विषय मी स्वतः सुचवला. त्याला कारण आहे. हल्ली मोहल्ल्यात, मासळी बाजारात, एसटी स्टँडच्या बाकड्यावर 'एमआरआय' हा शब्द सारखा कानावर पडतो. आणि त्याच्यामागोमाग एक प्रश्न हमखास येतो, 'इंजेक्शन देऊन काढला की नुसताच?' प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्या पोटात मोठा इतिहास दडलेला आहे, आणि त्या इतिहासाचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो.

सुरुवात करावी लागते ती क्ष-किरणांपासून. १८९५ साली जर्मनीत विल्हेल्म रोंटजेन यांना हे किरण सापडले. त्यांच्या पत्नीच्या हाताचं ते चित्र आपल्यापैकी अनेकांनी पुस्तकात पाहिलं असेल. बोटांची हाडं आणि त्यातल्या एका बोटात अंगठी. जगाला वाटलं, झालं, आता माणसाच्या आतलं सगळं दिसणार. पण क्ष-किरणांना दिसतं ते मुख्यतः कठीण आणि दाट. हाड दिसतं, छातीतली हवा दिसते. मऊ मांसात दडलेली मऊ गाठ मात्र सहजी दिसत नाही. कर्करोग सुरुवातीला असतो तो नेमका असाच, मऊत मऊ मिसळलेला.

यावर डॉक्टरांनी उपाय काढला तो बेरजेचा. जे दिसत नाही ते दिसावं म्हणून शरीरात बाहेरून काहीतरी घालायचं. आतडी दिसावीत म्हणून पांढरंफटक बेरियम प्यायला द्यायचं. रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून आयोडीन असलेलं औषध शिरेतून सोडायचं. हा उपाय चांगलाच लागू पडला आणि आजही तो लाखो लोकांच्या कामी येतो. पण त्यातून एक सवय रुजली. अधिक दिसायला हवं असेल, तर अधिक काहीतरी घाला.

एमआरआयचं मूळ या सवयीत नाही. ते पाण्यात आहे.

पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजनचे दोन अणू असतात. हायड्रोजनचं अणुकेंद्र हे एखाद्या इवल्याशा लोहचुंबकासारखं वागतं. त्याला मोठ्या चुंबकाजवळ नेलं, की ते भोवऱ्यासारखं डोलू लागतं. फिरणारा भोवरा थोडा कलला, की त्याचा माथा गोल गोल घुमतो, तसं. या डोलण्याची गती ठरलेली असते. त्याच गतीच्या रेडिओलहरी त्याच्यावर सोडल्या, तर ते त्या शोषून घेतं, आणि लहरी थांबवल्या की स्वतः हलकासा आवाज देत पुन्हा जागेवर येतं. हा आवाज कानांना ऐकू येत नाही. तो रेडिओचा असतो. म्हणजे आपण आता ज्या माध्यमातून बोलतो आहोत, त्याच्याच जातीचा. श्रोतेहो, एका अर्थानं आपल्या अंगातला प्रत्येक पाण्याचा थेंब हे एक छोटं आकाशवाणी केंद्र आहे. फक्त त्याची लहर लावता आली पाहिजे.

ही लहर पहिल्यांदा लावली ती पदार्थविज्ञानाच्या लोकांनी. इसिडोर राबी यांनी १९३८ साली अमेरिकेत उडत्या कणांच्या झोतावर हे दाखवलं. पुढे फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनी, एकमेकांपासून दूर काम करत, पाणी आणि मेणासारख्या साध्या पदार्थांमधून हा आवाज टिपला. त्यांचं काम १९४६ साली प्रसिद्ध झालं आणि १९५२ साली त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. या कोणाच्याही मनात तेव्हा रोगी नव्हता, दवाखाना नव्हता.

इथे आपल्याकडचं एक नाव येतं, जे आपल्या शाळकरी मुलांना माहीत असायला हवं. एस. एस. धर्मट्टी. ब्लॉक यांच्याकडे स्टॅनफर्ड विद्यापीठात ते काम करत होते. १९५१ साली अरनॉल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी मद्यार्काचा, म्हणजे इथाइल अल्कोहोलचा, असाच एक आवाज टिपला. तेव्हा त्यांना एक नव्हे, तीन वेगवेगळे सूर दिसले. हायड्रोजन तोच, चुंबक तोच. मग तीन सूर कसे? कारण मद्यार्काच्या कणात हायड्रोजनचे अणू तीन वेगवेगळ्या ठिकाणी बसलेले असतात. शेजार बदलला की सूर बदलतो. हायड्रोजनचा अणू आपण कुठे राहतो, आपले शेजारी कोण, हे स्वतःच सांगतो, ही केवढी मोठी गोष्ट. पन्नासच्या दशकात धर्मट्टी मायदेशी परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी या विद्येची प्रयोगशाळा उभी केली.

त्याच १९५१ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. द्रव स्थिर असला तर त्याचा आवाज एक, आणि वाहता असला तर दुसरा. आज कुठलंही औषध न टोचता मेंदूतल्या वाहत्या रक्ताची चित्रं एमआरआयवर काढता येतात. त्यामागचं तत्त्व हेच.

शेजार बदलला की सूर बदलतो. मग निरोगी मांसातलं पाणी आणि गाठीतलं पाणी, यांचा सूर वेगळा असेल का? हा प्रश्न मनावर घेतला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या रेमंड डमाडियन या डॉक्टरानं. त्यांनी उंदरांच्या गाठींचे तुकडे तपासले. मोठ्या चुंबकाजवळ डोलवलेलं पाणी पुन्हा जागेवर यायला गाठीमध्ये जास्त वेळ घेतं, असं त्यांना आढळलं. हा निबंध मार्च १९७१ मध्ये 'सायन्स' या साप्ताहिकात छापून आला. लक्षात घ्या, त्या वेळी एमआरआयचं चित्र म्हणून काही अस्तित्वातच नव्हतं. म्हणजे या तंत्रानं शरीराचं चित्र काढायच्या आधीच कर्करोग ओळखायचं स्वप्न पाहिलं होतं. आणि ते स्वप्न काहीही न टोचता, नुसत्या पाण्याच्या साक्षीवर उभं होतं.

चित्र काढायची युक्ती पॉल लॉटरबर यांची. चुंबकाची ताकद एका बाजूला थोडी कमी आणि दुसऱ्या बाजूला थोडी जास्त ठेवली, तर आवाज कुठून आला ते कळतं, हे त्यांनी ओळखलं. १९७३ साली 'नेचर'मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेलं चित्र होतं साध्या पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं. दोन ठिपके, एवढंच. इंग्लंडमध्ये पीटर मॅन्सफील्ड यांनी हे काम झपाट्यानं करायचं गणित बसवलं. इकडे डमाडियन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह स्वतःचं यंत्र बांधलं. ३ जुलै १९७७ रोजी त्यांच्या एका सहकाऱ्याला त्यात बसवलं आणि त्याच्या छातीचं एक चित्र काढलं. त्या एका चित्राला पावणेपाच तासांच्या आसपास वेळ लागला. यंत्राचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'अदम्य' या अर्थाचं. २००३ साली नोबेल पारितोषिक जाहीर झालं ते लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना. डमाडियन यांनी मोठमोठ्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध नोंदवला. २०२२ साली ते गेले. न्याय झाला की अन्याय, यावर जाणकारांत आजही दोन मतं आहेत.

पण पाण्याची साक्ष कोर्टात पहिल्या फटक्यात टिकली नाही, हेही सांगितलं पाहिजे. गाठीतल्या पाण्याला परतायला वेळ लागतो हे खरं. पण सूज आली तरी वेळ लागतो. पू झाला तरी लागतो. काही निरोगी अवयवांतही वेळ जास्त असतो. साक्षीदार खरं बोलत होता, पण त्याच्या एकाच वाक्यावरून गुन्हेगार ठरवता येत नव्हता. तेव्हा पुन्हा बेरजेची आठवण झाली.

१९८४ च्या सुमारास गॅडोलिनियम नावाच्या धातूपासून बनवलेलं औषध माणसांत वापरून पाहिलं गेलं आणि १९८८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आपण बोलताना त्याला 'डाय' किंवा 'रंगाचं इंजेक्शन' म्हणतो, पण त्यात रंग नसतो. हा धातू स्वतः चित्रात दिसत नाही. तो आसपासच्या पाण्याला लवकर जागेवर यायला लावतो आणि तेवढा भाग चित्रात उजळतो. कर्करोगाची गाठ वाढताना घाईघाईनं नव्या रक्तवाहिन्या करून घेते. घाईत बांधलेल्या पाटाला भेगा राहाव्यात तशा या वाहिन्या गळक्या असतात. औषध त्यांतून गाठीत झिरपतं आणि गाठ उजळते. मेंदूच्या, स्तनाच्या, यकृताच्या गाठी शोधायला या औषधानं फार मोठी मदत केली. आजही करतं. त्याचा उपकार नाकारण्यात अर्थ नाही.

मात्र बेरजेचा हिशेबही कधीतरी द्यावा लागतो. ज्यांची मूत्रपिंडं जवळजवळ निकामी आहेत अशा काही रुग्णांची कातडी हे औषध दिल्यानंतर दगडासारखी कडक होते, असा संबंध २००६ साली लक्षात आला. डॉक्टर सावध झाले, नियम बदलले, आणि तो आजार जवळपास थांबला. २०१४ साली जपानी डॉक्टरांनी दाखवलं, की वारंवार इंजेक्शन घेतलेल्यांच्या मेंदूत या धातूचा अंश साठतो. त्यानं अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही. तरीही युरोपनं २०१७ साली या गटातली काही औषधं थांबवली किंवा त्यांच्यावर मर्यादा घातल्या. एव्हाना जगभरात प्रश्न विचारला जाऊ लागला होता. जिथे गरज नाही, तिथे हे टोचायचं कशाला?

आता एक आमच्या मोहल्ल्यातली गोष्ट सांगतो. सत्तरी ओलांडलेले एक चाचा आहेत. सारा जन्म होडीवर गेला. लघवीचा त्रास सुरू झाला, रक्त तपासलं, तर प्रोस्टेट ग्रंथीचा 'पीएसए' म्हणतात तो आकडा चढलेला. मूत्रपिंडं आधीच नाजूक. डॉक्टरांनी बिनइंजेक्शनचा एमआरआय लिहून दिला. घरात कुजबुज सुरू झाली. मुलगा मला म्हणाला, "अर्धीच तपासणी करतायत का हो हे? गरीब बघून?" मी त्यांच्याबरोबर गेलो. चाचा अर्ध्या तासाच्या आत बाहेर आले आणि म्हणाले, "होडीच्या इंजिनावर डोकं ठेवून निजल्यासारखं वाटलं बघ." यंत्राची ती ठकठक ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे पटेल. मग त्यांनी विचारलं, "पण बाबा, यांनी माझ्या अंगात काहीच घातलं नाही. मग यांना दिसणार काय?"

चाचांच्या या प्रश्नाचं उत्तर पाण्याच्याच दुसऱ्या एका गुणात आहे. पाणी कधी स्वस्थ बसत नाही. ग्लासात निवांत दिसणाऱ्या पाण्याचेही कण सतत इकडून तिकडे धावत असतात. हे धावणं चुंबकानं मोजायची रीत स्टेस्कल आणि टॅनर या दोघांनी १९६५ साली घालून दिली. १९८५-८६ च्या सुमारास फ्रान्समध्ये डेनी ल बिहान यांनी ती जिवंत माणसाच्या चित्रात आणली. आता पाहा, मिरकरवाडा बंदरावर दुपारी जेटी रिकामी असते तेव्हा पोरं हवी तशी धावतात. होड्या लागल्या, टोपल्या, बर्फ, गिऱ्हाइकं, लिलाव सुरू झाला, की पाऊल टाकायला जागा नसते. निरोगी प्रोस्टेटमध्ये पाण्याला धावायला जागा असते. कर्करोगाच्या गाठीत पेशी दाटीवाटीनं वाढतात आणि पाण्याची वाट अडते. यंत्र ही अडलेली वाट मोजतं, आणि ती जागा चित्रात वेगळी उठून दिसते. डमाडियन यांना पाण्याचं एक वाक्य ऐकू आलं होतं. आता त्याच पाण्याचं दुसरं वाक्य ऐकू आलं, आणि दोन्ही जुळवून पाहता येऊ लागली.

चाचांच्या चित्रात एक लहान जागा संशयास्पद दिसली. नेमक्या त्या जागेचा सुईनं तुकडा काढून तपासला. कर्करोग होता, पण ग्रंथीच्या बाहेर पडलेला नव्हता. आज त्यांच्यावर उपचार चालू आहेत.

पण एका चाचांवरून काही सिद्ध होत नाही. इंजेक्शन वगळल्यानं काही सुटतं का, हे काटेकोरपणे तपासावं लागतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या पुढाकारानं 'प्राइम' नावाचा अभ्यास झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १२ देशांतली २२ रुग्णालयं आणि ४९० पुरुष. प्रत्येकाचा एमआरआय इंजेक्शनसह पूर्ण काढला. पण गंमत पुढे आहे. तज्ज्ञानं आधी फक्त इंजेक्शनपूर्वीची चित्रं पाहायची, आपलं मत लिहून द्यायचं, आणि मगच इंजेक्शननंतरची चित्रं उघडायची. शेवटी ताळा केला तेव्हा दोन्ही रीतींनी उपचाराची गरज असलेला कर्करोग सुमारे २९ टक्के पुरुषांत सापडला. फरक नगण्य. यंत्रातला वेळ मात्र अर्ध्या-पाऊण तासावरून पंधरा-वीस मिनिटांवर येतो. अट एकच, चित्रं चांगल्या प्रतीची हवीत आणि ती वाचणारा डोळा तयार हवा.

म्हणजे चाचांची तपासणी अर्धी नव्हती. पुरी होती.

यातून कोणी असा अर्थ काढू नये, की आता इंजेक्शन हद्दपार झालं. स्तनाच्या कर्करोगात इंजेक्शन देऊन काढलेला एमआरआय अजूनही सर्वांत तीक्ष्ण मानला जातो. पाण्याच्या धावण्यावरून तिथे काम भागेल का, याचे अभ्यास चालू आहेत. मेंदूच्या अनेक गाठींत इंजेक्शन लागतंच. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर 'मी रेडिओवर ऐकलं' म्हणून ते नाकारू नका, ही माझी हात जोडून विनंती. विचारा जरूर. विचारणं हा आपला हक्क आहे.

दुसरी सावधगिरी आणखी महत्त्वाची. मोठ्या शहरांत आता धडधाकट माणसांनाही डोक्यापासून पायापर्यंत एमआरआय काढून घ्या, असं सांगणाऱ्या जाहिराती दिसतात. जन्मतःच कर्करोगाचा मोठा धोका घेऊन आलेल्या काही घराण्यांत अशा तपासणीचा उपयोग होतो. इतरांसाठी तिची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२३ साली स्पष्ट सांगितलं. प्रत्येकाच्या अंगात काही ना काही निरुपद्रवी गाठी, फुगे, डाग असतातच. ते दिसले की पुढच्या तपासण्या, सुया, रात्रीची झोप उडणं. लवकर दिसणं चांगलं, पण जे दिसलं त्याचा उपयोग झाला पाहिजे.

उपयोग झाला का, हे तपासण्याच्या बाबतीत मात्र आपल्या महाराष्ट्राचा इतिहास अभिमानानं सांगावा असा आहे, आणि तो फार कमी सांगितला जातो. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली उघडलं. कोकणातल्या किती घरांनी रात्रीची गाडी पकडून तिथली पायरी चढली असेल, त्याची मोजदाद नाही. तिथल्या डॉक्टरांना रोज दिसायचं, की माणसं येतात ती उशिरा. १९९८ साली त्यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठा अभ्यास हाती घेतला. १,५१,५३८ स्त्रिया. प्रश्न असा होता, की महागडी यंत्रं वगळली, प्रयोगशाळा वगळली, आणि दहावीपर्यंत शिकलेल्या, नीट प्रशिक्षण दिलेल्या स्त्रियांनी घराजवळच तपासणी केली, तर जीव वाचतात का?

गर्भाशयाच्या मुखाची तपासणी त्यांनी केली ती व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लानं. ते लावलं की बिघडलेला भाग पांढरट होतो आणि नुसत्या डोळ्यांना दिसतो. दर दोन वर्षांनी, चार वेळा. या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, असं २०१४ साली प्रसिद्ध झालं. स्तनांची तपासणी हातानं केली. तिचे वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ साली आले. गाठी लवकरच्या टप्प्यावर सापडल्या. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मात्र तशी घट दिसली नाही. तीही गोष्ट त्यांनी न लपवता छापली. तुलनेसाठी ज्या हजारो स्त्रियांना तपासणीशिवाय ठेवलं, त्यांच्यावर अन्याय झाला, अशी टीका या अभ्यासावर झाली. ती टीकाही या इतिहासाचा भाग आहे.

दुसरा अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातला. खेड्यांतल्या १,३१,७४६ स्त्रिया. २००९ साली निष्कर्ष आले, आणि ते थोडे वेगळे होते. तिथे आम्ल लावून एकदाच केलेल्या तपासणीनं मृत्यू कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही. विषाणूची चाचणी, जिला यंत्र आणि प्रयोगशाळा लागते, ती एकदाच केली, तरी मृत्यू जवळपास निम्मे झाले. मुंबईत यंत्र वगळून भागलं, उस्मानाबादेत भागलं नाही. वजाबाकी कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे घरबसल्या ठरवता येत नाही. ते माणसं मोजून, वर्षानुवर्षं थांबून पाहावं लागतं. 'प्राइम'नं इंजेक्शनची वजाबाकी तपासली, आणि आपल्या लोकांनी त्याच्या कितीतरी आधी मोठ्या यंत्रांची वजाबाकी तपासली. दोन्हीकडे कसोटी एकच.

आता आपल्या जिल्ह्यापुरतं बोलतो. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाच्या साथीनं टाटा रुग्णालयानं रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या गावांत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या तपासण्या केल्या आहेत. २०२३ साली रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. धर्मट्टींनी ज्या संस्थेत प्रयोगशाळा उभारली, तिच्याच एका विभागातून १९८४ साली मुंबईत 'समीर' ही संस्था निघाली. या संस्थेनं देशी बनावटीचं एमआरआय यंत्र तयार केलं आणि ते चाचणीसाठी दिल्लीच्या एम्समध्ये बसवण्याचा करार मार्च २०२५ मध्ये झाला. यंत्र स्वस्त झालं, इंजेक्शन वगळता आलं आणि वेळ निम्म्यावर आला, तर एकाच यंत्रावर दिवसाला जास्त माणसं तपासून होतात. मुंबईवाल्याला ही सोय वाटेल. दापोलीच्या किंवा राजापूरच्या माणसासाठी मात्र त्यातून रांगेतले काही आठवडे वाचू शकतात, आणि कर्करोगात आठवड्यांना किंमत असते.

तोवर जे आपल्या हातात आहे ते विसरता कामा नये. तोंडाचा कर्करोग पाहायला चुंबक लागत नाही. आमच्या कोकणात आजही कितीतरी माऊल्या सकाळी मशेरी लावतात आणि पोरं कोपऱ्यावर गुटख्याची पुडी फाडतात. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तोंड पूर्वीसारखं उघडेनासं झालं, तर एक टॉर्च आणि तपासणारा एक डॉक्टर सुरुवातीला पुरेसा असतो. स्तनात गाठ लागली, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, लघवीतून रक्त गेलं, तर लाजेपोटी किंवा सण उरकू दे म्हणून दिवस ढकलू नका. आमच्या घरांत बायका दुखणं अंगावर काढतात आणि पुरुष ते बोलत नाहीत. शरीरातलं पाणी यंत्राला सगळं सांगायला तयार आहे. पण त्याआधी माणसानं आपलं दुखणं दुसऱ्या माणसाला सांगायला हवं.